घरात कुत्रा आणताना : बाराव्या वर्षी त्याच्याजवळ कोण असणार?

आजचा विषय घरच्या कुत्र्याचा. त्याची निवड कशी करायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याशी नातं कसं जमतं, याबद्दल आम्ही दोघं नवरा-बायको मिळून बोलणार आहोत. एकाचा जनावरांचा दवाखाना आहे, दुसरी शाळेत शिकवते. त्यामुळे कुत्रा आजारी पडला की तो एकाकडे येतो, आणि "मॅडम, बाबा कुत्रं घेऊन देत नाहीत" ही तक्रार दुसरीकडे येते. दोन्ही बाजू रोज ऐकतो, म्हणून हे धाडस.

आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, कोणतं पिल्लू घ्यावं? लॅब घ्यावं, जर्मन शेफर्ड घ्यावा, का ते केसाळ पांढरं असतं ते? यावर आम्ही उलट विचारतो, घरातली मुलं कितवीत आहेत? समोरच्याला वाटतं, डॉक्टर विषय बदलताहेत. तसं नाही. थोडा हिशेब करून बघा. मुलगी पाचवीत आहे आणि तिच्या हट्टासाठी पिल्लू आणलं. मध्यम आकाराचा कुत्रा नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षं सहज जगतो. मुलगी बारावी होऊन नागपूरला किंवा पुण्याला शिकायला जाते तेव्हा कुत्रा सात-आठ वर्षांचा झालेला असतो. म्हणजे त्याचं म्हातारपण अजून पुढेच आहे. सांधे धरणं, मोतीबिंदू, रात्री उठून बाहेर न्यावं लागणं, हे सगळं ती गेल्यावर सुरू होतं. आणि त्या वेळी घरात कोण असतं? पन्नाशी ओलांडलेले आई-बाबा. एकाचे गुडघे दुखतात, दुसऱ्याला बीपीची गोळी.

आपल्या वर्धा जिल्ह्यात तर हे घरोघरी आहे. आर्वी असो, हिंगणघाट असो, देवळी असो, शिकलेलं पोर बाहेर जातं. म्हणून आमचं म्हणणं असं, की कुत्रा आणताना आज कोण हट्ट करतंय ते बाजूला ठेवा आणि बाराव्या वर्षी त्याच्याजवळ कोण असणार आहे ते बघा. त्या माणसाला झेपेल असा कुत्रा निवडा. जात, रंग, किंमत हे सगळं त्याच्यानंतर.

एक घर आम्हाला माहीत आहे. मुलासाठी जर्मन शेफर्ड आणला, पस्तीस किलोचा झाला, देखणा. मुलगा त्याला रोज दोन वेळा मैदानावर पळवायचा. मग मुलगा शिकायला गेला. वडिलांची नोकरी फिरतीची, आणि आईला ती साखळी धरवेना. एकदा मांजर दिसल्यावर त्याने असा हिसका दिला, की बाई रस्त्यावर पडल्या. तेव्हापासून कुत्रा गच्चीवर. खायला वेळेवर, पाणी वेळेवर, कोणी कधी मारलं नाही. पण तो पुढचा पाय चाटत बसायचा, इतका की केस जाऊन मांस दिसायला लागलं. दवाखान्यात मलम मागायला आले. मलमाने काय होणार? मुलगा दिवाळीला आला की तेवढे आठ दिवस पाय बरा. या घरातलं कोणी वाईट नव्हतं हो. आठ वर्षांनंतरचा हिशेब फक्त सुरुवातीला कोणी मांडला नव्हता.

आता आपल्या उन्हाबद्दल बोलू. मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या तळव्यातून येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो, तोंडातली आणि नाकातली ओल उडून जाते आणि रक्त थोडं गार होतं. म्हणजे त्याचं नाक-तोंड हाच त्याचा कुलर. आता ज्या कुत्र्याचं नाकच चपटं करून ठेवलंय, त्याचा कुलर जन्मापासूनच बिघडलेला. 2003च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि देशभर पगची लाट आली. आपल्याकडेही आली. गोड प्राणी आहे, वादच नाही. पण नवतपाच्या दिवसांत घरातली लाइट दोन तास गेली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. हस्की, सेंट बर्नार्ड हे तर बर्फातले. त्यांना विदर्भात आणून चोवीस तास एसीत ठेवायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. परदेशातून धंद्यासाठी पैदाशीचे कुत्रे आणायला केंद्र सरकारने 2016 मध्येच बंदी घातली. पण इथल्या इथे पिल्लं काढून विकणं चालूच आहे.

कुठलाही कुत्रा असला तरी उन्हाळ्याचे नियम सारखेच. फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर. डांबरी रस्त्यावर स्वतःच्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपला हात टिकत नसेल तर त्याचे पंजे कसे टिकतील? उन्हात धापा टाकता टाकता लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसायला लागल्या, चाल डळमळली, तर ऊन लागलंय समजा. सावलीत घ्या, साधं नळाचं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

मग या उन्हात टिकणारा कुत्रा कोणता? तो तर दारातच बसलेला आहे. गावठी! शेकडो पिढ्या इथल्याच उन्हात, इथल्याच उकिरड्यावर निवडला गेलेला. आखूड केस, लांब नाक, पंधरा-वीस किलो वजन, आईला एका हातात धरता येईल असा. मोठ्या जातिवंत कुत्र्यांत कंबरेचा सांधा निसटण्याचा जो आजार असतो, तो याच्यात फार कमी बघायला मिळतो.

"गावठीले अक्कल नसते जी, तो शिकत नाही," असं आम्हाला किती जणांनी सांगितलं असेल. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करताहेत. कोणी पाळलेले नाहीत, कोणी शिकवलेले नाहीत, असे कुत्रे. माणसाने बोटाने भांडं दाखवलं की त्यातले बरेचसे कुत्रे त्या भांड्याकडे जातात, हे त्यांनी दाखवलं. बोटाचा अर्थ त्यांना कळतो. त्यांचाच 2017चा दुसरा प्रयोग आम्हाला फार आवडतो. काही कुत्र्यांना एक अनोळखी माणूस येऊन खाऊ द्यायचा, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायचा. असं पुन्हा पुन्हा केल्यावर कोणत्या कुत्र्यांनी त्या माणसावर जास्त भरवसा टाकला? ज्यांच्या डोक्यावरून हात फिरला त्यांनी. उपाशी फिरणारे कुत्रे हे, तरी!

आपल्या महाराष्ट्राच्या स्वतःच्या जातीही आहेत. सांगली-सोलापूरकडचा कारवानी, आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ, एकाच घराण्यातले म्हणा. उंच, सडपातळ, लांब पायांचे. 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं आणि मग आमच्याकडेही विचारणा सुरू झाली. उन्हाला चांगला, आजारपण कमी. पण तो डोळ्याने शिकार हेरून पळत सुटणारा कुत्रा आहे. दूरवर ससा हलला की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही. वावर असेल, कुंपण असेल, पळवणारा माणूस असेल तर घ्या. दोन खोल्यांच्या घरात आणि वर्दळीच्या रस्त्यावर तो बिचारा काय करणार? आणि त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून शेजारचे "खायला देत नाही का?" विचारतील, त्याची तयारी ठेवा. तो असाच असतो.

लॅब घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. माणसाळू कुत्रा आहे, उन्हाची काळजी घेतली तर आपल्याकडे राहतो. फक्त तो भुकेला असतो, सतत. घरातले पाच जण पाच वेळा पोळी टाकणार असतील तर सहाव्या वर्षी तो चाळीस किलोचा आणि सांध्यांनी अधू झालेला असेल.

आता पिल्लू आणायचं कुठून आणि कधी? पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकता येत नाही, असं 2017 च्या नियमांत स्पष्ट आहे. तरी महिन्याभराची पिल्लं खोक्यात घालून विकली जातात, कारण लहान पिल्लू जास्त गोड दिसतं आणि लवकर खपतं. त्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत आई आणि भावंडं त्याला काय शिकवतात, तर चावणं किती जोरात झालं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. हे न शिकलेलं पिल्लू तुमच्या मुलांचे हात फोडणार. तेव्हा आई बघायला मिळाल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आई घाबरून कोपऱ्यात शिरते की शेपटी हलवत येते, यावरून पिल्लाबद्दल पुष्कळ कळतं. मोठं झालेलं, दीड-दोन वर्षांचं कुत्रंही घेता येतं. त्याचा स्वभाव, आकार, सगळं समोर दिसतं. उतारवयातल्या जोडप्याला आम्ही हेच सुचवतो. पिल्लाचा पहिला वर्षभराचा धुमाकूळ साठीत झेपत नाही.

मादी घ्यायला लोक तयार नसतात. हा विषय जरा कडू आहे पण बोलायलाच हवा. गावठी कुत्रीला सहा पिल्लं झाली की नर वाटले जातात आणि माद्या पोत्यात घालून नाल्याकाठी, गावाबाहेर सोडल्या जातात. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांतलं पाचातलं जेमतेम एक पिल्लू वयात येईपर्यंत जगतं, असं त्याच कोलकात्याच्या गटाला आढळलं होतं. आणि बहुतेक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूसच कारण होता. मादी का नको? तर वर्षातून दोनदा माजावर येते, दारात कुत्र्यांची रांग लागते, त्रेसष्ट दिवसांनी पुन्हा पिल्लं. अडचण खरी आहे, पण त्याला एक ऑपरेशन पुरतं. नसबंदी केलेली गावठी कुत्री म्हणजे आमच्या मते घरासाठी सगळ्यात उत्तम निवड. भटकत नाही, घराला धरून असते, मुलांशी समजुतीने वागते. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जो आजार मध्यमवयीन कुत्र्यांना होतो आणि ज्यात रात्रीबेरात्री धावपळ करावी लागते, तोही टळतो.

पिल्लू घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत एक पेच असतो, तो कोणी समजावून सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं, त्यांचं पुस्तक 1965 मध्ये आलं. या काळात जे जे दिसेल, ऐकू येईल, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. जे या काळात दिसलं नाही त्याची भीती बसते. काठीवाले आजोबा, बुरखा, हेल्मेट, ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, बैल, लहान बाळाचं रडणं, सगळं या दिवसांत दिसायला हवं. पण नेमक्या याच दिवसांत लसीकरण अपुरं असतं आणि पार्वो आपल्याकडे जोरात असतो. रक्ताचे जुलाब होऊन दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. मग काय करायचं? उचलून न्या. कडेवर घेऊन चौकात उभं राहा, बाजारात फिरवा, स्कूटरवर मांडीत घेऊन बसा. जमिनीवर, दुसऱ्या कुत्र्यांच्या घाणीजवळ सोडू नका, एवढंच. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टर सांगतील तशा पूर्ण करायच्या. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आणि मग दर वर्षी.

रेबीजवर इथेच बोलून घेऊ, कारण गोड गोष्टींच्या नादात हे राहून जातं. गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले 1936 मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आवारातले साठ भटके कुत्रे मारवले आणि तो विचारायला गांधीजींकडे गेला. गांधीजींनी त्याची बाजू घेतली, 'यंग इंडिया'त लेख लिहिले आणि देशभरातून शिव्या खाल्ल्या. मारण्याबद्दलचं त्यांचं मत आज ना कायद्याला मान्य आहे ना आम्हाला. 2023च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. पण त्या लेखांतला दुसरा मुद्दा शंभर वर्षांनीही जागचा हललेला नाही. बेवारस कुत्रा आकाशातून पडत नाही, समाजाच्या निष्काळजीपणातून येतो, असं ते म्हणत होते. कुत्र्याला शिळी भाकर टाकून पुण्य मिळवायचं, पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडे तर दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. पण त्याच गल्लीत लस न टोचलेले वीस कुत्रे आहेत.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि त्याआधी योग्य उपचार झाला तर जवळजवळ नक्की वाचतो. यामध्ये फक्त तुमची वागणूक आहे. चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, काहीही असो, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. मिरची पूड, चुना, हळद, यातलं काही भरू नका. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. जुन्या माणसांच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं बसलीत, ती लस आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात घेतात, ठरलेल्या तीन-चार दिवशी. जखम खोल असेल तर जखमेच्या भोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते मागून घ्या. घरचंच पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज, असं म्हणू नका. लहान मुलं घरी सांगत नाहीत, कारण "कुत्र्याला काढून टाकतील" ही भीती असते. शाळेत आम्ही मुलांना हेच सांगतो, की सांगितल्याने कुत्रा जाणार नाही. पण मग तुम्ही पालकांनीही तो शब्द पाळायला हवा.

आता नात्याबद्दल. कुत्र्याने डोळ्यांत बघितलं की आपल्याला काहीतरी होतं. हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. जपानच्या नागासावा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या मायेत ज्याचा वाटा असतो तेच हे रसायन. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं झालं नाही. त्याआधी 1998 मध्ये हंगेरीत टोपाल आणि मंडळींनी, लहान मूल आईला किती धरून आहे हे तपासण्याची मानसशास्त्रातली जी पद्धत आहे ती कुत्र्यांवर वापरली. मालक खोलीत असला की कुत्रा निर्धास्तपणे खेळतो, हुंगतो. मालक गेला की दाराशी जाऊन बसतो. अनोळखी माणूस खेळायला तयार असला तरी.

म्हणजे गच्चीवरच्या त्या शेफर्डला खायला-प्यायला मिळत होतं, पण खोलीत माणूस नव्हता.

नातं खास दिवसांनी जमत नाही. वाढदिवसाला केक कापून काही होत नाही, उलट पोट बिघडतं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, ठरलेलं काहीतरी करणं, यातून ते जमतं. आणि इथेच सुरुवातीचा हिशेब पुन्हा येतो. मुलगी बारावीत गेली की पुढे काय, हे तेव्हा ठरवू नका. पहिल्या वर्षापासून एक काम आईचं असू द्या, एक बाबांचं. सकाळचं फिरणं बाबा, रात्रीचं खाणं आई, केस विंचरणं आणि गोचिड काढणं मुलीचं. शनिवारी कान तपासायचे, ते आजीसमोर. मुलगी गेली तर कुत्र्याच्या दिवसातला एक तुकडा जाईल, सगळा दिवस जाणार नाही. गोचिडांचं काम मात्र कोणीतरी पक्कं घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे गोचीडतापाने कुत्रे झपाट्याने खालावतात. अंगात ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त. तीन दिवस घरी वाट बघण्यासारखा हा आजार नाही.

"धाक असला पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसते," हे वाक्य आम्हाला फार ऐकायला मिळतं. मारलेला कुत्रा शिकतो, नाही असं नाही. हात उगारला की काय होतं ते शिकतो. आणि एक दिवस घरातलं लहान मूल पापा द्यायला हात पुढे करतं, तेव्हा त्याला त्या हातात तोच हात दिसतो. बरोबर केलं त्या क्षणी शेंगदाण्याएवढा खाऊ आणि एक शब्द, पुरे. गुरगुरल्याबद्दल तर कधीच मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

शेतावरच्या कुत्र्याचं नातं थोडं वेगळं असतं. पऱ्हाटी, तूर, हरभरा, काहीही पेरा, रानडुक्कर आणि रोही येणारच. जागलीला जाणाऱ्या माणसासोबत कुत्रा असतो. तो एरवी कोणाच्या मांडीवर बसत नाही, पण अंधारात त्याचं भुंकणं ऐकून माणसाला कळतं, की डुक्कर आहे, माणूस आहे, की बिबट. बिबट असला की काही कुत्रे भुंकतच नाहीत, माणसाच्या पायाशी येऊन चिकटतात. सेलू-कारंजाकडची शेतकरी मंडळी हे आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. अकोले तालुक्यात, म्हणजे आपलं अकोला नव्हे, नगरकडचं अकोले, तिथे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. म्हणजे रात्री कुत्रा गोठ्याबाहेर खुंट्याला बांधून ठेवणं म्हणजे त्याला ताटात वाढून ठेवणं. बांधलेल्याला पळताही येत नाही. आत घ्या, दार लावा.

उलटी बाजूही आहे. आपला बोर व्याघ्र प्रकल्प 2014 मध्ये जाहीर झाला, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांत मोडतो, आणि कडेकडेने गावं. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ आली आणि सिंह मेले. हा मुळात कुत्र्यांचा ओळखीचा आजार. शेतावरच्या कुत्र्यालाही ती लस हवी. "वावरातल्या कुत्र्याले कायची लस?" असं म्हणणाऱ्याला आम्ही एवढंच सांगतो, तुझा कुत्रा आणि वाघ एकाच नाल्यावर पाणी पितात.

म्हातारपण साधारण आठव्या-नवव्या वर्षी सुरू होतं, मोठ्या जातींत आणखी लवकर. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, जिना चढताना थांबतो, हाक ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, आता हट्टी झालाय. हट्टी नाही, दुखतंय. गुळगुळीत टाइल्सवर जुनी सतरंजी टाका, त्याला चालायला बरं पडतं. घरातली ब्रुफेन किंवा क्रोसिन देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला, यकृताला ती घातक ठरते. पाणी एकदम जास्त प्यायला लागला, तर रक्त तपासून घ्या.

आणि मग तो दिवस येतो. असह्य दुखणं असेल, औषधाचा उपयोग उरला नसेल, तर झोपेचं इंजेक्शन देऊन शेवट शांत करता येतो. तो निर्णय घेणाऱ्याला घरातल्या कोणी बोल लावू नये. जमलं तर बाहेरगावच्या मुलाला आधी फोन करा. "परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही," हे वाक्य पोरं वीस वर्षं विसरत नाहीत, हे आम्ही शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलंय.

शेवटी एक प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलंय, "आमचा मोती गेला, मुलं म्हणतात लगेच दुसरा आणू, आणावा का?" काकू, तुमचं वय काय? बासष्ट. आणि काका? ते रोज फिरायला जातात का? जातात. मग पिल्लू नको. मुलं फोनवरून पिल्लाचे फोटो पाठवतील, त्याला हो म्हणू नका. दोन-तीन महिने थांबा. मोतीची साखळी, भांडं, काही फेकू नका, धुऊन ठेवा. मग तुमच्याच गल्लीतली, काकांच्या मागे फिरायला येणारी, तीन-चार वर्षांची एखादी कुत्री असेल तर तिला बघा. आहे? कानाला थोडं कापलेलं आहे का? म्हणजे नसबंदी झालेली आहे. तिला आधी आठवडाभर व्हरांड्यात जेवू घाला, गोचिड काढा, आणि दवाखान्यात घेऊन या. रेबीजची लस आम्ही त्याच दिवशी टोचू. घरात यायचं की नाही ते तिला ठरवू द्या.